चोवीस अंशांवर अडकलेली चर्चा

केंद्रीय ऊर्जामंत्री मनोहरलाल खट्टर यांनी जून २०२५ मध्ये एसीचे तापमान २० ते २८ अंशांच्या मर्यादेत बांधण्याची घोषणा केली आणि चर्चा आकड्यांभोवतीच फिरत राहिली. तापमान एक अंशाने वाढवले की साधारण सहा टक्के वीज वाचते, हा ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचा हिशेब आहे. तारांकित एसी मुळात २४ अंशांवरच सुरू व्हावेत, हा नियमही २०२० पासून आहे.

पण खोली तापते कशामुळे? दुपारचे ऊन थेट घेणाऱ्या काचेच्या भिंती उभारायच्या आणि ती उष्णता विजेने बाहेर फेकायची, ही आपल्या नव्या कार्यालयांची तऱ्हा. भिंती, छत, काचा, दिवे यांचे निकष सांगणारी ऊर्जा संवर्धन इमारत संहिता २००७ मध्ये आली, २०१७ मध्ये सुधारली. ती प्रामुख्याने १०० किलोवॉट किंवा त्याहून अधिक जोडभाराच्या नव्या व्यापारी इमारतींसाठी. गावातली शाळा त्या हिशेबात येतच नाही.

तिथे एसी नाही. डोक्यावर पत्रा किंवा उघडा स्लॅब. दिवसभर तापलेला स्लॅब खाली उष्णता सोडत राहतो आणि पंखा तीच गरम हवा फिरवतो. छताला चुन्याचा किंवा परावर्तक रंगाचा पांढरा हात दिला तरी फरक पडतो. तेलंगणाने २०२३ मध्ये शीतल छतांचे स्वतंत्र धोरणच आणले. पंख्यांचेही तसेच. जुना पंखा ७५ वॉट खातो, बीएलडीसी पंखा तीसच्या आसपास. चार पंखे, रोज सहा तास, वर्षाला २०० दिवस धरले तर एका वर्गात २१६ युनिट वाचतात.

अडचण पैशांची आहे. समग्र शिक्षा योजनेत तीसपर्यंत पटाच्या शाळेला वर्षाला दहा हजार रुपये संयुक्त अनुदान मिळते; वीजबिल, साहित्य, डागडुजी सगळे त्यातच. नव्या पंख्यांची बचत पुढे मिळणार, खर्च मात्र आज करायचा!

शहरी शाळांचा धोका वेगळाच. एसीची वीज वाचावी म्हणून खिडक्या घट्ट बंद होतात. बाहेरच्या हवेत कार्बन डायऑक्साइड दशलक्षात ४२० भागांच्या आसपास असतो. भरलेल्या बंद वर्गात तो हजाराच्या वर सहज जातो. मुले पेंगतात, एकाचा खोकला साऱ्या वर्गाला लागतो. त्यामुळे शाळांची वीजबचत मोजताना मीटरशेजारी हवेचे मोजमापही लागेल.