चाकूची घडी, कायद्याची घडी

पोस्टाची तिकिटे जमवणाऱ्याला लोक रसिक म्हणतात, जुनी नाणी जमवणाऱ्याला अभ्यासू म्हणतात. पण घडीचे चाकू जमवणाऱ्याकडे जरा जपूनच पाहतात. वास्तविक मी कॉलेजात मराठी शिकवतो आणि वर्गात आवाजही चढवत नाही. पण माझ्या कपाटात बावीस चाकू आहेत हे कळल्यापासून सोसायटीच्या सभेत माझ्या सूचनेला ताबडतोब अनुमोदन मिळू लागले आहे!

छंद देशी मालावर भागत असता तर प्रश्न नव्हता. पण १८९० साली फ्रान्सच्या साव्हा प्रांतात जन्मलेला लाकडी मुठीचा ओपिनेल किंवा स्विस कार्ल एल्सनरने १८९७ साली नोंदवलेला अधिकाऱ्यांचा चाकू एकदा हाती आला, की मन देशाच्या सीमेत राहत नाही. चाकूला मात्र सीमेवर थांबावे लागते.

गेल्या वर्षी भाच्याने फ्रान्सहून आठ नंबरचा ओपिनेल टपालाने पाठवला. भेट म्हणून येणाऱ्या वस्तूंची शुल्कमाफी डिसेंबर २०१९ मध्येच गेली; सवलत उरली ती जीवरक्षक औषधांना आणि राखीला. मामाला आलेला चाकू या दोहोंत बसेना. शुल्क भरायला मी तयार होतो. पण पत्र आले ते निराळेच: "शस्त्र परवाना सादर करावा, अथवा सदर वस्तू शस्त्र नसल्याचा खुलासा करावा."

शस्त्र परदेशातून आणायचे तर १९५९ च्या शस्त्र अधिनियमाप्रमाणे परवाना लागतो, हे खरे. पण शस्त्र कशाला म्हणावे? निव्वळ घरगुती वा शेतीच्या कामासाठी घडवलेली वस्तू त्याच कायद्याने शस्त्रांतून वगळली आहे. नियमांच्या परिशिष्टातही तलवार, खंजीर, कुकरी यांच्या पंक्तीला चाकू बसवला आहे तो पाते नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद असेल तर; आणि तेथेही घरगुती कामाची हत्यारे वगळलेली आहेत. माझ्या ओपिनेलचे पाते साडेआठ सेंटिमीटरचे, म्हणजे साडेतीन इंचही नाही. आमच्या घरची विळी त्याहून कितीतरी भयंकर दिसते.

खरी अडचण खटक्याच्या चाकूंची. बटण दाबताच उघडणाऱ्या पात्यांवर दिल्ली प्रशासनाने १९८० साली अधिसूचना काढली आणि लांबी ७.६२, रुंदी १.७२ सेंटिमीटर अशी मापेच घालून दिली. इंग्लंडने तर १९५९ सालीच अशा चाकूंची आयात बंद केली, आणि २०१९ च्या कायद्याने ते घरच्या खणात ठेवणेही गुन्हा ठरवले. तिकडच्या छांदिष्टांना आपले नमुने सरकारजमा करावे लागले. त्यांचे दुःख मी समजू शकतो. पण रस्त्यावर भोसकल्या गेलेल्या पोराच्या आईचे दुःख त्याहून मोठे आहे, हेही मला समजते. म्हणून खटक्याच्या वाटेला मी जात नाही.

वाचकहो, खुलासा लिहायला बसलो तेव्हा खरी गंमत कळली. कायदा विचारतो, वस्तू कशासाठी घडवली? कचेरी विचारते, तुम्ही ती कशासाठी वापरणार? आणि संग्राहक तर ती वापरतच नाही! 'पाहण्यासाठी' असे लिहावे तर साहेबांचा संशय बळावणार. पूर्वी आपल्याकडे बोरूला टोक काढायला चाकू लागे, तेव्हा लेखणी आणि पाते एकाच दौतीशेजारी नांदत. आता बोरूही गेला आणि ती सबबही गेली.

शेवटी पात्याचे माप, खटका नसल्याचा निर्वाळा, खरेदीची पावती आणि कारखान्याचे माहितीपत्रक जोडले, आणि उपयोगाच्या रकान्यात लिहिले, "फळे कापण्यासाठी." दोन महिन्यांनी शुल्क भरून चाकू घरी आला. बाहेरून चाकू मागवणाऱ्यांनी ही चार कागदांची तयारी आधीच ठेवावी, हा माझा अनुभवाचा सल्ला.

आता बावीस चाकू खणात निवांत असतात. हा तेविसावा मात्र रोज दुपारी पेरू कापतो. सरकारी कागदावर सही करून लिहिलेला शब्द खरा करायला नको का?