महापालिका शाळांच्या पालकांना जाहीर आवाहन : शाळेची आकडेवारी मागावी

मुंबई महानगरपालिकेच्या शाळांत आठ माध्यमांतून शिक्षण दिले जाते आणि अनेकदा एकाच इमारतीत मराठी, हिंदी, उर्दू अशा माध्यमांच्या स्वतंत्र शाळा भरतात. एकच जिना चढणाऱ्या मुलांच्या शाळांची स्थिती त्यामुळे परस्परांहून बरीच वेगळी असू शकते. तरीही शहरातील शिक्षणाच्या दर्जाची चर्चा बहुधा एका सरासरीवर भागवली जाते.

शाळानिहाय माहिती मुळीच नाही, असे नव्हे. प्रत्येक शाळेला 11 अंकी क्रमांक देऊन दरवर्षी माहिती गोळा करणाऱ्या 'यू-डायस' या राष्ट्रीय प्रणालीत पटसंख्या, शिक्षक, पिण्याचे पाणी, स्वच्छतागृहे यांची नोंद असते. मात्र पाचवीतल्या मुलाला सलग उतारा वाचता येतो की नाही, हे तीवरून कळत नाही. 2021 चे राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षण आणि 2024 चे 'परख' सर्वेक्षण यांनी अध्ययनाची पातळी जोखली खरी, परंतु ती निवडक शाळांतील निवडक विद्यार्थ्यांवरून, आणि निष्कर्ष दिले ते जिल्ह्याचे. घरोघरी जाऊन मुलांचे वाचन तपासणारा 'असर' अहवाल तर मुख्यतः ग्रामीण भागापुरता असतो. राज्याच्या पायाभूत व संकलित मूल्यमापन चाचण्यांचे गुण शाळेतच नोंदले जातात. ते वर पाठवले जातात, पण ज्यांची मुले त्या वर्गात बसतात त्यांच्यापुढे क्वचितच मांडले जातात.

शिक्षण हक्क कायदा, 2009 नुसार शासकीय व स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांच्या व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि शाळेच्या कामकाजावर देखरेख ठेवणे हे या समितीचे कामच आहे. म्हणून पालक सदस्यांनी येत्या बैठकीत यू-डायसची छापील प्रत आणि चाचण्यांचे इयत्तावार, विषयवार निकाल मागावेत, प्रत्यक्ष नळाला पाणी येते का हे प्रत घेऊनच पाहावे, आणि तफावत आढळल्यास ती इतिवृत्तात नोंदवून घ्यावी. माहिती नाकारली गेल्यास माहिती अधिकार कायदा, 2005 अन्वये 10 रुपये शुल्क भरून अर्ज करता येतो व त्याचे उत्तर सर्वसाधारणपणे 30 दिवसांत देणे बंधनकारक असते.

निकाल वाचताना पट किती आणि चाचणीला बसली किती, हे आधी विचारावे, कारण कच्ची मुले त्या दिवशी गैरहजर राहिली की टक्केवारी आपोआप चढते. शाळांची क्रमवारी लावण्याचा मोह टाळलेलाच बरा. कामासाठी सतत स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांची मुले सामावून घेणारी शाळा अशा यादीत विनाकारण तळाला जाते. त्याच शाळेच्या मागील दोन-तीन वर्षांच्या निकालांशी तुलना अधिक न्याय्य ठरते. फलकावर इयत्तेचे आकडे जरूर लागावेत. एकाही मुलाचे नाव मात्र लागू नये.