थंडर मारावा कधी?

चवथीच्या तिसऱ्या दिवसाची गोष्ट. आरत्या आटोपल्या होत्या, पानं उठली होती आणि माटोळीखाली बसून आमचा भाचा लॅपटॉपवर पोकेमॉनची लढाई खेळत होता. मित्रांच्या लीगमधला शेवटचा सामना. एवढ्यात तो ओरडला, "मिस!" आणि डोकं धरून बसला. हरला.

आमचे एक नातेवाईक तिथेच सुपारी कातरत बसले होते. निवृत्त शिक्षक. ते म्हणाले, "सत्तर टक्के लागणारा मार वापरायचाच कशाला? शंभर टक्के लागणारा नव्हता का? हा निव्वळ जुगार. मांडवीतल्या कसिनोत आणि यात फरक तो काय?" मी मान डोलावली. आम्ही सरकारी कारकून, मान डोलावण्यात वाकबगार! भाचा माझ्याकडे वळून म्हणाला, "मामा, पयलीं पळय, मागीर उलय!"

मग मी पाहिलं. चवथ संपून बरेच दिवस झाले तरी पाहतोच आहे. आणि आता बोलतो. पोकेमॉनवर लिहितोय म्हणून काही वाचक नाक मुरडतील, त्यांनी खुशाल मुरडावं.

त्या सामन्यात काय झालं होतं ते आधी सांगतो. दोघांकडेही एकेकच पोकेमॉन उरला होता. भाच्याचा गेंगार, समोर जवळजवळ ताजातवाना टायरॅनिटार. गेंगार वेगवान, त्यामुळे पहिला वार त्याचा. पण टायरॅनिटारच्या एका क्रंचमध्ये गेंगार आडवा होतो, म्हणजे वार एकच मिळणार. गेंगारकडे शॅडो बॉल होता. शंभर टक्के लागणारा, पण टायरॅनिटारवर त्याचा परिणाम निम्माच. समोरच्याचा सहावा हिस्सासुद्धा गेला नसता. दुसरा होता फोकस ब्लास्ट. शक्ती १२०, अचूकता ७०. टायरॅनिटारवर त्याचा मार चौपट बसतो. लागला तर सामना खलास.

म्हणजे निवड सत्तर टक्के आणि शंभर टक्के यांच्यात नव्हतीच. शॅडो बॉल शंभर टक्के लागला असता आणि पोरगा शंभर टक्के हरला असता! निवड होती सत्तर टक्के जिंकण्याची किंवा खात्रीने हरण्याची. त्याने बरोबर तेच केलं जे करायला हवं होतं. तो चुकला नाही, त्याचा वार चुकला. या दोन वाक्यांतला फरक ज्याला कळत नाही त्याने पोरांना उपदेश करू नये. त्या दिवशी मान डोलावणारा मीही त्यात आलो.

आता उलटी बाजू. त्याच टायरॅनिटारमध्ये दहावा हिस्सा जीव उरला असता तर? मग शॅडो बॉलने काम झालं असतं आणि फोकस ब्लास्ट मारणारा मूर्ख ठरला असता, तो लागून जिंकला असता तरीसुद्धा. वार तोच, अचूकता तीच. एकदा शहाणपण, एकदा मूर्खपणा. म्हणून "जोखमीचे वार वापरू नयेत" हा नियमच खोटा आहे. आणि "भारी वार तोच खरा" हा बारा वर्षांच्या पोरांचा नियमही तितकाच खोटा.

या दुसऱ्या जातीच्या खेळाडूंचाही समाचार घ्यायला हवा. थंडरची शक्ती ११०, अचूकता ७०. थंडरबोल्टची शक्ती ९०, अचूकता १००. (२०१३ च्या एक्स आणि वाय या खेळांच्या आधी हे आकडे १२० आणि ९५ होते.) सरासरी काढली तर थंडर भरतो ७७, म्हणजे थंडरबोल्टहून कमीच. समोरचा दोन थंडरबोल्टमध्ये पडणार असेल आणि थंडरनेही दोनच लागणार असतील, तर दोन्ही थंडर लागण्याची शक्यता उरते ४९ टक्के. खात्रीचं काम अर्ध्यावर आणून ठेवायचं आणि वर म्हणायचं "नशीब फुटकं"! हायड्रो पंपची अचूकता ८०. तो लागोपाठ चार वेळा लागायला हवा अशी लढाई आखणारा शंभरातल्या एकोणसाठ वेळा गोत्यात येणार, हे गणित सातवीतलं पोर करील. ते न करता दर टर्नला देवीला कौल लावून बसायचं आणि पाकळी डावीकडे पडली की देवीलाच बोल लावायचा, याला खेळणं म्हणत नाहीत.

मग भारी वार मारावा कधी? मला कळलं ते असं. पहिलं, साध्या वाराने काम होत असेल तर कधीच नाही. दुसरं, भारी वाराने एखादी टर्न खरोखर वाचत असेल आणि त्या टर्नवर सामना ठरत असेल, तर जरूर. तिसरं, आपण पुढे आहोत की मागे ते बघून. हे गोवेकराला तरी समजावून सांगायची गरज नाही. एका गोलने मागे असताना शेवटच्या मिनिटाला कॉर्नर मिळाला की गोलकीपरसुद्धा समोरच्या गोलपाशी धावतो. आपला गोल उघडा टाकून! मैदानावर कुणी त्याला जुगारी म्हणत नाही. पण एका गोलने पुढे असताना तो तसा धावला तर लोक त्याला घरी जाऊ देणार नाहीत.

चौथं, जोखीम म्हणजे फक्त नेम चुकणं नव्हे. हायपर बीम मारला की पुढची टर्न बसून काढावी लागते. (१९९६ च्या पहिल्या खेळात समोरचा पडला तर ही शिक्षा माफ होती. पुढच्या पिढीपासून ती सवलत गेली.) ड्रॅको मिटिऑरने आपलीच मारक शक्ती दोन पायऱ्या उतरते. एक्सप्लोजनमध्ये तर आपला गडी स्वतःच संपतो आणि समोरच्याने त्याच टर्नला प्रोटेक्ट केलं किंवा भूत जातीचा गडी आणला तर सगळं वाया. म्हणून "लागेल का?" एवढंच विचारून भागत नाही, "लागल्यावर पुढे काय?" हेही विचारावं लागतं.

आणि पाचवं, सर्वांत महत्त्वाचं. जोखीम कमी करता येते. पावसात थंडर चुकतच नाही. म्हणून शहाणा खेळाडू आधी पाऊस आणणारा पेलिपर उतरवतो आणि मग थंडर मारतो. बघणाऱ्याला वाटतं काय धाडस! धाडस कसलं, तयारी ती.

आता कसिनोचा मुद्दा. कसिनोत टेबलाचा मालक नियमातच आपला वाटा काढून ठेवतो. कितीही हुशार माणूस खेळत राहिला तर शेवटी त्याचाच खिसा रिकामा होतो. इथे दोघांना नियम एकच, फासे एकच. नुसतं नशीबच चालत असतं तर अमेरिकेचा रे रिझ्झो २०१०, २०११ आणि २०१२ असा लागोपाठ तीनदा जगज्जेता झाला नसता. २०१४ मध्ये वॉशिंग्टनला कोरियाच्या से जुन पार्कने पाचिरिसू नावाची खारोटी संघात घेतली, जिला कुणी हिंग लावून विचारत नव्हतं. समोरच्यांचे वार स्वतःवर ओढून घेऊन ती जोडीदाराला वाचवत राहिली आणि पार्क जगज्जेता झाला. तीही जोखीमच, पण घरी बसून, हिशेब करून घेतलेली.

एक मात्र कबूल करतो. काही वार खरोखरच जुगारी आहेत. शीअर कोल्ड, फिशर यांची अचूकता साधारण तीस टक्के आणि लागला की समोरचा एका फटक्यात गारद. स्मोगन या खेळाडूंच्या मंडळाने आपल्या सामन्यांत त्यांच्यावर बंदी घातली आहे, मला ती पटते. अधिकृत स्पर्धांत ते चालतात. असो.

पण मला खरा राग आहे तो आपल्या घराघरांतल्या शंभर टक्केवाल्यांचा. ही जमात मला चांगली ठाऊक आहे, कारण मी तिच्यातलाच. फाईलवर "आदेशार्थ सादर" लिहून वर पाठवणं हा आमचा शॅडो बॉल. कधी चुकत नाही, कधी कुणाचं काही बिघडवत नाही आणि कुणाचं काम होतही नाही. तेवीस वर्षांपूर्वी लिहिलेली एक एकांकिका माझ्या कपाटात आहे. स्पर्धेला पाठवली नाही. पडली असती तर लोक हसले असते. पाठवली नाही म्हणून पडली नाही. याला मी इतकी वर्षं शहाणपण समजत आलो! गेंगारसमोर टायरॅनिटार उभा असताना शॅडो बॉल मारत बसलो आणि वर एकही वार चुकला नाही म्हणून मिरवलो.

त्या रात्री आम्ही दोघा वडीलधाऱ्यांनी एका बरोबर निर्णय घेतलेल्या पोराला चूक ठरवलं, केवळ निकाल उलटा लागला म्हणून. असं चार वेळा झालं की पोर शिकतं. काय शिकतं? की बरोबर विचार करण्यापेक्षा बोलणी न खाणं सोपं. मग तेही "आदेशार्थ सादर" लिहायला मोकळं.

तेव्हा पुढच्या वेळी घरातलं पोर हरून बसलं तर "का हरलास?" विचारू नका. "दुसरं काय करता आलं असतं?" असं विचारा. त्याच्याकडे उत्तर नसेल तर समजावा. असेल, तर सुपारी कातरत गप्प बसा.