पिंजऱ्याआधी गोठ्याला दार हवे!

कोल्हापूर जिल्ह्यातील बिद्री हे गाव बाहेरच्या जगाला दूधगंगा-वेदगंगा सहकारी साखर कारखान्यामुळे ठाऊक आहे. भोवती दृष्टी पोहोचेल तेथवर ऊस, आणि त्या उसाच्या कडेने शेतात वस्ती करून राहिलेली कुटुंबे. दावणीला दोन म्हशी, चार शेळ्या, खुराड्यात कोंबड्या, हीच त्या वस्त्यांची पेढी. पश्चिमेस राधानगरीचे रान आहे. १९५८ साली घोषित झालेले तेथील अभयारण्य गव्यांसाठी प्रसिद्ध असले, तरी बिबट्याचाही तेथे वास आहे. आणि वर्षभर, आडसाली असेल तर त्याहूनही अधिक काळ, उभा राहणारा ऊस हा बिबट्याच्या दृष्टीने रानच होय.

बिबट्याने जनावर मारले की एक ठरलेला प्रयोग सुरू होतो. गावकरी पिंजरा मागतात, पुढारी बंदुकीची भाषा बोलतात, आणि शहरातील प्राणिमित्र दिवाणखान्यात बसून भूतदयेचे पाठ देतात. या गदारोळात एक साधा प्रश्न कोणीच विचारीत नाही: त्या रात्री गोठ्याला दार होते काय? शेतकऱ्यास दोष देण्यासाठी आम्ही हे विचारीत नाही. चार खांबांवर पत्रा टाकून ज्याने कशीबशी सावली केली, त्याच्यापाशी भिंतीसाठी पैसा उरला नव्हता, एवढाच त्याचा अर्थ आहे.

पिंजऱ्याचा उपाय महाराष्ट्राने करून पाहिलेला आहे. पुणे जिल्ह्यातील जुन्नर भागात २००१ ते २००३ या काळात बिबटे पकडून दूरच्या रानात सोडण्यात आले. पुढे संशोधकांनी हिशेब मांडला तेव्हा काय दिसले? १९९३ ते २००१ या काळात माणसांवरील हल्ले वर्षाला सरासरी चार होते. ते सतरावर गेले! अनोळखी मुलखात सोडलेला प्राणी अधिक धोक्याचा ठरला. माणसावर वारंवार हल्ला करणारा बिबट्या पकडलाच पाहिजे, याबद्दल आमचे दुमत नाही. परंतु शेळी गेली म्हणून दिसेल तो बिबट्या उचलणे, हे संकट एका गावाच्या वेशीतून दुसऱ्या गावात ढकलणे आहे.

याउलट, अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले भागात विद्या अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास पाहावा. तेथे शेळ्यांची संख्या कुत्र्यांच्या सातपट. तरीही बिबट्याच्या आहारात कुत्र्यांचा वाटा ३९ टक्के आणि शेळ्यांचा केवळ ११ टक्के आढळला. कारण उघड आहे. शेळी दिवसा राखणीत चरते आणि रात्री कोंडली जाते. कुत्रा मात्र मोकळा असतो. आमचा धनगर हे कोणत्याही प्रबंधावाचून जाणतो. म्हणूनच रात्री मेंढरांभोवती वाघर लावल्यावाचून तो पाठ टेकीत नाही.

तेव्हा करावयाचे काय, हे गूढ नाही. गोठ्याच्या भिंती छपराला भिडलेल्या असाव्यात, कारण अर्धी भिंत बिबट्या सहज ओलांडतो. खिडक्यांना भक्कम जाळी आणि दाराला कडी असावी. राखणीचा कुत्रा रात्री बाहेर बांधून ठेवू नये; तो राखण करीत नाही, आमिष ठरतो. ऊस आणि गोठा यांच्यामध्ये मोकळी पट्टी ठेवावी. मेलेले जनावर उघड्यावर टाकू नये.

पण शासनाचा पैसा कोठे जातो? मेलेल्या जनावरामागे! भरपाईसाठी शेतकऱ्याने ४८ तासांत वर्दी द्यावयाची, कलेवर जागचे हलवावयाचे नाही, आणि पंचनाम्याची वाट पाहावयाची. २०१८ च्या शासननिर्णयाने गाय, म्हैस, बैल यांच्यासाठी बाजारभावाच्या ७५ टक्के किंवा ठरलेली कमाल रक्कम, यांपैकी जी कमी ती देण्याचे तत्त्व घातले. म्हणजे नियम तंतोतंत पाळला गेला तरी घरधन्याचा तोटा ठरलेलाच. शिवाय आटलेल्या दुधाचे आणि डोक्यावरच्या हप्त्याचे काय? भरपाई द्यावीच, परंतु त्यातला काही भाग आधीच दारासाठी दिला, तर ती देण्याची पाळी कमी वेळा येईल.

हा भार एकट्या वनखात्याचाही नव्हे. ज्या उसाने बिबट्याला आडोसा दिला, त्याच उसावर कारखाने चालतात. ज्या म्हशी उघड्यावर बांधल्या जातात, त्यांच्याच दुधावर १९६३ पासून कोल्हापूरचा दूध संघ वाढला. सहकाराने या जिल्ह्यात कारखाने उभारले, नदीचे पाणी माळावर चढविले. त्याला गोठ्याची भिंत जड जाऊ नये. गाळपाच्या प्रत्येक टनामागे आणि संकलनाच्या प्रत्येक लिटरमागे अल्पशी रक्कम बाजूला काढून शासनाने तितकीच भर घालावी, आणि उसाला लागून असलेल्या वस्त्यांपासून आरंभ करावा. हंगामात बीडकडून येणारे ऊसतोड मजूर बैलांसह, लेकरांसह पालाच्या खोपीत रात्र काढतात, त्यांचा विचार तर सर्वांआधी झाला पाहिजे.

शहरातील वाचकांनी हा प्रश्न परका मानू नये. सकाळच्या चहातील दूध आणि साखर, दोन्ही त्या वस्तीवरूनच येतात. १९७२ च्या कायद्याने बिबट्याला अभय दिले, ते योग्यच झाले. परंतु त्या अभयाची किंमत एकट्या गवळणीने आपल्या म्हशीच्या रूपाने मोजावी, हा न्याय नव्हे. पुढचा हंगाम सुरू होण्यापूर्वी वस्तीवस्तीवरच्या गोठ्यांची मोजदाद करा, आणि ज्याला दार नाही त्याला दार द्या!