ॲडमसनचा वाटा

चित्रकार तो कलावंत आणि छायाचित्रकार तो तंत्रज्ञ, अशी वाटणी आपण फार सहजपणे करून टाकतो. एकाकडे प्रतिभा, दुसऱ्याकडे नुसते यंत्र! मला ही वाटणी मान्य नाही. छायाचित्रणाच्या आरंभकाळातलेच एक उदाहरण तिच्याविरुद्ध साक्ष देते.

१८४३ साली स्कॉटलंडच्या चर्चमध्ये फूट पडली आणि चारशेहून अधिक धर्मोपदेशक बाहेर पडले. हा प्रसंग एका भव्य चित्रात रंगवायचे डेव्हिड ऑक्टेव्हियस हिल या चित्रकाराने ठरवले. पण एवढे चेहरे टिपायचे कसे? डेव्हिड ब्रूस्टर या शास्त्रज्ञाने रॉबर्ट ॲडमसन या विशीतल्या तरुणाशी त्याची गाठ घालून दिली. टॅल्बटने शोधलेली कॅलोटाइपची रीत ॲडमसनला अवगत होती. कागदाला चांदीच्या क्षारांचा लेप द्यायचा, माणसाला उन्हात निश्चल बसवायचे आणि कागदावर उमटलेल्या उलट छायेवरून सुलट प्रती काढायच्या. लेप बिघडला, ऊन ढळले किंवा माणूस हलला, की सारे श्रम वाया.

चित्राला साहाय्य म्हणून सुरू झालेले हे काम तेथेच थांबले नाही. एडिंबरोजवळच्या न्यूहेवन गावातील कोळी आणि टोपल्या घेतलेल्या कोळिणी यांचीही छायाचित्रे या दोघांनी काढली. व्यक्तिचित्र ही तोवर बहुतांशी धनिकांची मिरास. येथे कष्टकरी माणसे त्याच रुबाबात उभी आहेत. कागदाच्या तंतूंमुळे रेषा मऊ झाल्या आहेत, सावल्या गडद झाल्या आहेत. हे सौंदर्य कुंचल्याचे नव्हे. प्रकाश आणि रसायन जाणणाऱ्या हाताचे आहे.

१८४८ साली, अवघ्या २६ व्या वर्षी ॲडमसन वारला. जेमतेम साडेचार वर्षांत दोघांनी सुमारे ३००० छायाचित्रे काढली होती. हिलने पुढे दुसरा छायाचित्रकार सोबतीला घेतला, पण त्या कामाला पहिल्याची सर आली नाही. ते भव्य चित्र १८६६ साली पूर्ण झाले; त्यातले चेहरे दाटीवाटीने बसले आहेत, आणि मनात राहतात ती छायाचित्रेच. तरीही दीर्घकाळ श्रेय मिळाले ते हिलला. ॲडमसन जणू त्याचा मदतनीस!

कोणी म्हणेल, माणसे कशी बसवावीत ही दृष्टी तर हिलचीच होती. असेलही. पण ती कागदावर उतरवणारा हात गेल्यावर एकटी दृष्टी तोकडी पडली, हे कसे नाकारणार?

आपल्या स्नेहसंमेलनातही नाटक रंगले की टाळ्या नटाला मिळतात. प्रकाशयोजना कोणी केली, हे फारसे कोणी विचारत नाही. यंदा ते नाव आवर्जून विचारू या.