दुसरा तंबोरा, दुसरा अ‍ॅम्प्लिफायर

आपल्या बडोद्यातील गणेशोत्सवाच्या मंडपात तबलापेटीच्या जोडीला विजेवरची गिटार येऊन बसली, त्याला आता पुष्कळ वर्षे झाली. हल्ली ती एकटी येत नाही. वादकाच्या पायाशी इफेक्ट्सची पेडले असतात आणि पाठीमागे एकाऐवजी दोन अ‍ॅम्प्लिफायर. वडीलधारी मंडळी विचारतात, हा दुहेरी गोंगाट कशाला? तरुणांना वाटते, दोन पेट्या म्हणजे दुप्पट आवाज. आमच्या मते दोन्ही पक्ष मुद्दा सोडून बोलतात.

तरुणांचा हिशेब आधी पाहू. एका अ‍ॅम्प्लिफायरच्या शेजारी तेवढ्याच शक्तीचा दुसरा ठेवला तर आवाज साधारणपणे 3 ते 6 डेसिबलनी वाढतो. कानाला तो दुप्पट वाटायचा तर सुमारे 10 डेसिबलांची वाढ लागते. तेव्हा नुसता दणदणाट हवा असेल, तर दुसऱ्या पेटीचा खर्च फुकट म्हणायचा.

मग ती कशासाठी? गवयाच्या मागे दोन तंबोरे का असतात, हे आपल्या घरांत कुणाला सांगावे लागत नाही. एकाचा आवाज पुरत नाही म्हणून दुसरा घेत नाहीत. दोहोंच्या मध्ये सूर भरून राहतो, त्याला रुंदी येते, म्हणून घेतात. जपानच्या रोलँड कंपनीने 1975 साली जेसी-120 हा अ‍ॅम्प्लिफायर काढला, त्यात हेच केले आहे. एकाच पेटीत 60 वॅटचे दोन अ‍ॅम्प्लिफायर आणि 12 इंची दोन स्पीकर. कोरस चालू केला की एका स्पीकरातून सरळ सूर निघतो, दुसऱ्यातून किंचित हेलकावणारा. आणि दोहोंचा मिलाफ तारेत न होता श्रोत्यांपुढच्या हवेत होतो. पुढल्याच वर्षी तो कोरस बॉसच्या सीई-1 या पेडलात आला, दोन आउटपुटांसह. दोन वेगळ्या अ‍ॅम्प्लिफायरांना ती दोन आउटपुटे जोडण्याची वाट तेथून मोकळी झाली.

मात्र दुसरा तंबोरा नुसता आणून ठेवला म्हणजे मैफल जमत नाही. तो लावावा लागतो. येथेही तसेच. डिस्टॉर्शनचे पेडल आधी यावे, कोरस, डिले यांसारखी दोन आउटपुटांची पेडले शेवटी, आणि तेथूनच प्रवाह दोन वाटांनी जावा. साध्या वाय-केबलने गिटार थेट दोन ठिकाणी जोडली, तर दोन्ही अ‍ॅम्प्लिफायरांचा भार तिच्यावर पडून वरचे सूर मंदावतात. मध्ये बफर असलेले पेडल हवे. दोन्ही स्पीकर एकाच वेळी पुढे सरकले पाहिजेत. एक पुढे आणि एक मागे असे झाले तर खर्ज पोकळ होतो. मग एका बाजूची पोलॅरिटी उलटवावी. एक पेटी दुसरीहून मीटरभर मागे राहिली, तरी तिचा आवाज सुमारे 3 मिलिसेकंद उशिरा पोचतो आणि काही सूर एकमेकांना मारतात. ज्याने तंबोरा जुळवला आहे, त्याच्या कानाला हा दोष चटकन कळेल.

आता ज्या गोष्टीसाठी लेखणी हाती घेतली, ती. दोन अ‍ॅम्प्लिफायर जोडले की बहुधा एक घुमणारी घरघर सुरू होते. दोन्ही पेट्यांचे अर्थिंग विजेच्या वायरीतून एकमेकांशी जोडलेले असते, आणि गिटारच्या केबलचे वेष्टन त्यांना पुन्हा एकदा जोडते. असे एक कडे तयार होते, त्यात 50 हर्ट्झची वीज शिरते आणि ती ऐकू येते. यावर एक उपाय सर्रास केला जातो: एका अ‍ॅम्प्लिफायरच्या थ्री-पिन प्लगची वरची जाड पिन काढून टाकायची. घरघर थांबते, पण त्याचबरोबर वादकाच्या जिवाचे राखणही जाते. त्या पेटीत काही बिघाड झाला, तर वीज केबलवाटे थेट गिटारच्या तारांपर्यंत येऊ शकते. तारांवर एक हात आणि ओठ मायक्रोफोनला, एवढे पुरते. 1972 च्या मे महिन्यात ब्रिटनमधील स्वॉन्सी येथे स्टोन द क्रोज या वाद्यवृंदाचे गिटारवादक लेस हार्वी यांना अर्थिंग नसलेल्या मायक्रोफोनचा स्पर्श झाला आणि भर रंगमंचावर त्यांचा अंत झाला. आपला उत्सव तर भाद्रपदातला; मंडपाची जमीन ओली, वायरी तात्पुरत्या.

खरा उपाय महाग नाही. दोन्ही अ‍ॅम्प्लिफायर एकाच बोर्डावर, एकाच अर्थिंगवर लावावेत, आणि दोहोंपैकी एकाकडे जाणाऱ्या केबलमध्ये सिग्नलचा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घालावा. कडे तेथे तुटते, सूर जातो, अर्थिंग शाबूत राहते. मंडपाच्या जोडणीवर 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी असावा. वीज गळू लागताच तो प्रवाह तोडतो.

हे वायरमनचे काम आहे, वादकाचे नव्हे, असे कुणी म्हणेल. आम्हांस ते मान्य नाही. याच नगरीत सयाजीराव महाराजांनी 1886 साली मौलाबक्षांच्या हाती गायनशाळा सोपवली, ती संगीत पद्धतशीर शिकवता यावे म्हणून. वाद्य शिकणे म्हणजे ते जुळवणे, राखणे हेही शिकणे होय. आणि विजेच्या वाद्यात वायर हा वाद्याचाच भाग आहे. तेव्हा वडीलधाऱ्यांनी यंदा नातवाला गोंगाटाबद्दल बोल लावण्याआधी मंडपात जावे, प्लग हाती घेऊन पाहावा आणि पिना मोजाव्यात. तीन भरल्या, तर खुशाल दोन अ‍ॅम्प्लिफायर वाजू द्यावेत. दोनच भरल्या, तर वादन तेथेच थांबवावे.