रीडिंग जुळवणारे आपण

फर्स्ट इयरला फिजिक्सच्या प्रॅक्टिकलमध्ये आपण सगळे एक कला शिकतो, ती सिलॅबसमध्ये नसते. लंबकाचा प्रयोग. उत्तर ९.८ यायला पाहिजे हे आधीच माहीत. मग तिथून उलटं गणित करत मागे यायचं आणि जर्नलमध्ये रीडिंग भरायची. एखादं रीडिंग मुद्दाम थोडं इकडेतिकडे करायचं, म्हणजे सरांना संशय येत नाही. मीही केलंय, खोटं कशाला बोलू?

हे आठवायचं कारण म्हणजे जिम. गेल्या उन्हाळ्यात मी एका जिममध्ये नाव घातलं. भिंतीवर मोठा चार्ट होता : २२० वजा वय, म्हणजे हृदयाचे जास्तीत जास्त ठोके. माझं वय २०, म्हणून ठोके २००, आणि त्याच्या ८५ टक्के म्हणजे १७० च्या वर जायचं नाही. मी विचारलं, हे कुणावर मोजलं? ट्रेनर म्हणाला, "मॅडम, सायन्स आहे ते. काहून टेन्शन घेता?"

मी टेन्शन घेतलं आणि शोधलं. हे सूत्र १९७१ च्या एका अमेरिकन लेखातून आलं. लेखकांनी स्वतः त्यासाठी प्रयोग केलाच नव्हता. दुसऱ्यांचे आकडे एका आलेखावर मांडले आणि त्यातून अंदाजाने रेघ ओढली! २००२ साली रॉबर्ग्ज नावाच्या संशोधकाने या सूत्राचा इतिहास खणून काढला, तेव्हा त्यामागे मूळ संशोधन सापडलंच नाही. एकाच वयाच्या माणसांत दहा-बारा ठोक्यांचा फरक अगदी सहज असतो. म्हणजे माझे खरे ठोके १८८ असतील किंवा २१२ सुद्धा. व्हर्नियर कॅलिपरचा लीस्ट काउंट लिहिला नाही तर आपले मार्क कापतात, पण हृदयाच्या आकड्यापुढे 'अधिक-उणे' लिहायला कुणी विचारत नाही.

आता कुणी म्हणेल, हे सगळं परदेशातलं, आपल्याकडे कुठे असं संशोधन होतं? होत होतं, आणि शंभर वर्षांपूर्वी. जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच स्वामी कुवलयानंद, यांनी १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम काढलं आणि त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे त्रैमासिक सुरू केलं. पोटाचे स्नायू फिरवण्याची नौली ही क्रिया करताना आत काय होतं, हे त्यांनी एक्स-रे काढून आणि दाबमापक लावून तपासलं. मोठ्या आतड्यातला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो, आणि म्हणून बस्तीच्या वेळी पाणी आपोआप वर खेचलं जातं, असं दिसलं. या निर्वात स्थितीला त्यांनी आपल्या गुरूंचं, माधवदासजींचं नाव दिलं. इथपर्यंत ठीक आहे, आपल्याला आवडणारं उत्तर आलं.

मला जास्त आवडते ती पुढची गोष्ट. प्राणायामाने शरीराला खूप जास्त ऑक्सिजन मिळतो, असं तेव्हाही लोक म्हणत आणि आजही सकाळच्या बागेत म्हणतात. कुवलयानंदांनी श्वासातले वायू मोजले, तर हा दावा टिकेना. ते स्वतः योगी, संस्था योगाची, मासिकही योगाचं. रीडिंग जुळवायला याहून चांगली संधी कुठली? त्यांनी जुळवलं नाही. प्राणायामाचं महत्त्व ऑक्सिजनमध्ये नाही, असं त्यांनी स्पष्ट लिहिलं. हे वाचल्यावर मला माझं लंबकाचं जर्नल आठवलं, काय सांगू!

हा फक्त पुस्तकी वाद नाही. पहाटे कुठल्याही मैदानावर जा, पोलीस भरतीची मुलं-मुली धावताना दिसतील. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८००. त्यांचे सगळे नियम ऐकीव. एक जण सांगतो, गूळ-चणे खायला लागलो आणि दहा सेकंद कमी झाले. अरे भाऊ, त्याच महिन्यात तू रोज धावलासही ना? मग श्रेय गुळाला द्यायचं की पायांना? अर्ध्या मुलांना दोन आठवडे गूळ, अर्ध्यांना नाही, नंतर अदलाबदल, आणि घड्याळ लावणाऱ्याला कोण कुठल्या गटात ते माहीत नाही. खर्च फक्त गुळाचा.

गूळ तरी निरुपद्रवी आहे. आपलं ऊन तसं नाही. २०२४ मध्ये झारखंडच्या उत्पाद शिपाई भरतीत १० किलोमीटरच्या दौडीच्या वेळी दहापेक्षा जास्त उमेदवार गेले. पेपरात नागपूरचं तापमान ४५ म्हणून छापून येतं ते सावलीतलं असतं. धावणारा सावलीत नसतो. त्याच्यासाठी वेगळं माप १९५० च्या दशकात अमेरिकन मरीन सैनिकांच्या ट्रेनिंग कॅम्पसाठी तयार झालं : ओल्या थर्मामीटरचे ०.७, काळ्या गोळ्यातल्या थर्मामीटरचे ०.२ आणि साध्या थर्मामीटरचे ०.१. पण मर्यादा कितीवर आखायची, हे परत तिकडच्या सैनिकांवरूनच. विदर्भातल्या उन्हात वाढलेल्या, कमी वजनाच्या पोराला तीच लागू आहे का? मुलींवर तर मोजमापं आणखी कमी झालीत.

आपण दरवर्षी प्रोजेक्टसाठी लाइन फॉलोअर रोबो करतो (मीही तेच करणार होते). त्याऐवजी तीन थर्मामीटर, १५ सेंटिमीटरचा तांब्याचा पोकळ गोळा आणि मंद काळा रंग, एवढं सामान इतवारीत मिळून जाईल. शरीराचं ज्ञान आपल्याकडे नाही, ते अमरावतीला आहे. तिथलं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून चालू आहे, त्याच्या चमूने १९३६ मध्ये बर्लिनला भारतीय व्यायामाची प्रात्यक्षिकं दाखवली होती. त्यांना पत्र लिहू या. सेन्सर आपले, अनुभव त्यांचा, आणि धावणाऱ्यांना आधी सगळं नीट समजावून त्यांची संमती.

ज्यांना यायचं त्यांनी वर्गात भेटा. गोळा मार्चच्या आत तयार पाहिजे. आणि रीडिंग पेनानेच लिहायची, पेन्सिल आणू नका.